कासवाचें पाळणें आणि पाण्याचें राखणें

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस राक्षसभुवन हें नांव नवें नाहीं. सध्यांच्या बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिण तीरावर हें गांव वसलेलें आहे, आणि ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं याच ठिकाणीं थोरल्या माधवराव पेशव्यानें निजामअल्लीच्या फौजेचा पराभव करून, पानिपतानंतर डळमळलेला मराठी दौलतीचा पाय पुन्हां रोंवला. त्या वेळीं गोदावरीस पूर होता. निजाम कांहीं फौजेनिशीं पलीकडच्या तीरास उतरून गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला होता, आणि मध्यें नदी पसरलेली असल्यामुळें धन्यास दिवाणाच्या मदतीस येतां आलें नाहीं. विठ्ठल सुंदर रणांत पडला. येणेंप्रमाणें त्या लढाईचा निकाल तरवारीनें लावला तितकाच नदीनेंहि लावला. तथापि आमच्या इतिहासग्रंथांत नदी येते ती अशी केवळ लढाईपुरती येते. तिच्या पाण्यांत आणि वाळूंत जे जीव पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, त्यांच्याशीं तीरावरच्या माणसांनीं कसें वर्तन ठेविलें, याची बखर कोणीं लिहिलेली नाहीं.

प्रस्तुत लेखांत अशाच एका जीवाचा, म्हणजे कासवाचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु अलीकडे मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि कांचेच्या पेटींत कासव ठेवण्याची हौस पसरत चालली आहे. 'कोणतें कासव घ्यावें आणि तें कसें ठेवावें' असा प्रश्न सुशिक्षित गृहस्थ एकमेकांस विचारूं लागले आहेत. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आमच्या पूर्वजांनीं तो आपापल्या परीनें सोडविला होता. आणि ज्या काळाचा पाण्याशीं जसा संबंध, तसें त्या काळानें त्याचें उत्तर दिलें, असें आम्हांस दिसून आलें आहे. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊं. इंग्रजींत जमिनीवरच्या कासवास 'टॉर्टॉइज' आणि पाण्यांतल्यास 'टर्टल' अशीं दोन निराळीं नांवें आहेत. मराठींत दोघांसहि कासव हा एकच शब्द पुरतो. गोदावरीकांठच्या माणसास जें कासव नेहमीं दिसे तें पाण्यांतलेंच असल्यामुळें दुसऱ्या शब्दाची त्यास गरजच पडली नसावी. या नदींत मुख्यतः मऊ पाठीचीं कासवें आढळतात. त्यांतलें लहान जें, तें ओढे, तळीं, विहिरी, भाताचीं खाचरें यांत सर्वत्र राहणारें आहे. त्याच्या पोटाकडील कवचास मागल्या बाजूनें दोन झडपा असतात, आणि पाय आंत ओढून घेतले म्हणजे त्या मिटतात. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं तें चिखलांत स्वतःस पुरून घेतें आणि पावसाची वाट पाहतें. दुसरें बरेंच मोठें. त्याची पाठ दोन फुटांपर्यंत वाढते, आणि पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखीं वाटोळीं चिन्हें असतात. मुंबई इलाख्यांतील लीथ नांवाच्या डॉक्टरांच्या सन्मानार्थ ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८७२ सालीं त्याचें नामकरण केलें, आणि ज्या नमुन्यावरून तें केलें तो पुण्याचा होता. म्हणजे शास्त्राच्या दप्तरांत हें कासव महाराष्ट्राचा रहिवासी म्हणूनच दाखल झालेलें आहे.

माणसाचा आणि कासवाचा पहिला संबंध पोटाचा होता, हें मान्य केलें पाहिजे. भीमेच्या खोऱ्यांतील इनामगांवासारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत इतर भक्ष्य प्राण्यांबरोबर कासवांचींहि हाडें मिळालीं आहेत. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराच्या नांवावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या भोजनाचें जें प्रकरण आहे, त्यांत कासव शिजविण्याची रीत दिलेली आहे. म्हणजे मराठवाड्याच्या अगदीं सीमेलगत, एका विद्वान् राजाच्या पाकशाळेंत कासव हें राजमान्य अन्न होतें. त्यानंतर शेंसवाशें वर्षांनीं गोदातीरीं चक्रधरस्वामींनीं अहिंसेचा उपदेश केला. शिकाऱ्यांपासून पळून आलेल्या सशास त्यांनीं अभय दिल्याची 'लीळाचरित्रां'तील कथा प्रसिद्धच आहे. आणि गेवराई तालुक्यांतील पांचाळेश्वर हें गोदाकांठचें गांव आजहि महानुभावांचें मोठें तीर्थ आहे. महानुभाव आणि वारकरी या दोन्ही पंथांनीं जीवहत्येविषयीं जी अरुचि समाजांत मुरविली, तिच्यामुळें नदीकांठच्या गरिबाच्या चुलीवरून कासव अजीबात गेलें असें नव्हे. परंतु राजाच्या ग्रंथांत पाककृति म्हणून मिरविण्याची त्याची जागा मात्र गेली.

तिच्याऐवजीं त्यास दुसरी जागा मिळाली, ती देवळांत. महाराष्ट्रांतील शंकराच्या देवळांत नंदीच्या पुढें, गाभाऱ्याच्या वाटेवर दगडी कासव असतें, हें प्रत्येकानें पाहिलेलें आहे. समुद्रमंथनाच्या वेळीं मंदर पर्वत पाठीवर घेणारा कूर्मावतार विष्णूचा खरा. परंतु शैव देवळांतहि कासवास मान आहे, आणि त्याचा अर्थ सामान्यतः गीतेच्या दुसऱ्या अध्यायावरून लावितात. कासव जसें आपले अवयव आवरून घेतें, तशीं इंद्रियें आवरून मग देवापुढें जावें, हा तो अर्थ. आमच्या संतांनीं आणखी एक कल्पना प्रिय केली, ती कूर्मदृष्टीची. कासवी दुरून नुसत्या नजरेनें पिलांचें पोषण करते, तशी देवाची दृष्टि भक्तावर असते, असें त्यांनीं वारंवार म्हटलें आहे. सृष्टिशास्त्राचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. कासवी वाळूंत किंवा मऊ मातींत खळगा करून अंडीं घालते, तीं झांकते, आणि निघून जाते. पिलें तिला कधीं दिसतहि नाहींत. परंतु या विसंगतीवरून संतांस हंसण्याचें कारण नाहीं. आईच्या गैरहजेरींत जर त्या पिलांस कोणी पोसत असेल, तर तो कांठच पोसतो: ज्या वाळूनें अंड्यांस ऊब दिली ती वाळू, आणि ज्या पाण्यांत तीं पिलें धांवत जातात तें पाणी. कूर्मदृष्टि म्हणून जी कांहीं वस्तु असेल, ती कासवीची नसून नदीची आहे, एवढीच दुरुस्ती आम्ही सुचवितों.

आतां जिवंत कासव पाळण्याच्या देशी रीतीकडे वळूं. मराठवाड्यांतील कोणत्याहि वृद्ध शेतकऱ्यास विचारावें. विहिरींत कासव सोडण्याची चाल त्याच्या माहितीची असते. ओढ्यांत सांपडलेलें लहानसें कासव आणून आडांत किंवा विहिरींत सोडावें, कीं पाणी स्वच्छ राहतें, अशी समजूत होती. या समजुतींत तथ्य किती, हें तपासून पाहण्याजोगें आहे. मऊ पाठीचें लहान कासव किडे, अळ्या, गोगलगायी, बेडूक, मेलेले जीव आणि पाण्यांतला पाला असें सर्व कांहीं खातें. तेव्हां विहिरींत पडलेली घाण सडूं न देण्याचें काम तें कांहीं अंशीं करीत असे, हें खरें. उलट, ज्या सूक्ष्म जंतूंनीं पटकी किंवा विषमज्वर होतो, त्यांचा नाश त्याच्या हातून होणें शक्य नव्हतें. किंबहुना कासवांच्या आंगीं स्वतःचेहि कांहीं रोगजंतु असतात. म्हणून आरोग्यशास्त्राच्या कसोटीस ही चाल पूर्णपणें उतरत नाहीं. परंतु पाळण्याची एक रीत म्हणून तिच्यांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक, तें कासव त्याच मुलखांतलें असे. त्याला पाण्याचा, उन्हाळ्याचा, चिखलाचा परिचय जन्माचा असे. दुसरी, तें विकत घेतलेलें नसे, आणि त्यामुळें त्याच्या मागें कोणी दलाल नसे. तिसरी आणि मुख्य गोष्ट ही, कीं तें कासव पाहण्यासाठीं नव्हतें. तें पाण्यासाठीं होतें. विहीर जिवंत तोंवर कासव जिवंत, आणि कासव मेलेलें आढळलें तर पाण्याविषयीं शंका येणें साहजिक होतें.

तथापि जुन्या चालीचें वर्णन करतांना तिच्यांतील उणीवा झांकून ठेवणें हें इतिहासलेखकाचें काम नव्हे. विहिरीच्या उभ्या भिंतींत एकटेंच अडकलेलें कासव कधीं उन्हास येऊं शकत नसे, त्यास जोडीदार मिळत नसे, आणि मादी असली तरी अंडीं घालण्यास तिला वीतभर माती लाभत नसे. तें जगे, पण त्याचा वंश तेथेंच खुंटे. याहून मोठी उणीव माणसांच्या बाबतींत होती. ज्या पाण्यांत कासवास मुक्त संचार होता, त्याच पाण्यास हात लावण्याची गांवांतील कित्येक माणसांस बंदी होती. जनावरें पाणी पितात आणि माणसांस मात्र मज्जाव, ही विटंबना मार्च १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं साऱ्या देशाच्या नजरेस आणून दिली. तेव्हां विहिरीचें कासव हें गांवच्या एकोप्याचें चिन्ह होतें, असें म्हणण्याचा मोह आम्हीं टाळला पाहिजे. तें पाण्याच्या राखणीचें चिन्ह होतें. आणि ती राखण सर्वांच्या हक्काची नव्हती.

ही चाल मोडली कशी, याचा इतिहास गेवराईच्या शेजारींच सांपडतो. पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरतो हें सिद्ध झाल्यावर सरकारनें अशा विहिरी बंद करण्याची किंवा त्यांचें रूप पालटण्याची मोहीम हातीं घेतली. देशांतील नारूचा शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. दुसरीकडे १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्याच्या विहिरी तळास नेल्या, आणि खडकांत खोल भोंक पाडून पाणी काढण्याचा उपाय गांवोगांव गेला. त्या भोंकावर बसविण्याचा टिकाऊ हातपंप ज्या प्रयोगांतून निघाला, त्यांपैकीं एक प्रयोग जालना येथें झाला होता. जालना आणि सोलापूर येथील पंपांच्या अनुभवावरूनच पुढें 'इंडिया मार्क टू' हा पंप १९७० नंतरच्या दशकांत तयार होऊन जगभर गेला. या दोन्ही गोष्टींनीं माणसांचे प्राण वांचविले, याविषयीं शंका नाहीं, आणि जुनी विहीर गेली म्हणून रडत बसणें वेडेपणाचें होईल. परंतु सहा इंच रुंदीच्या नळींत कासवास जागा नाहीं. जें पाणी दिसत नाहीं, त्यांत कोणी डोकावत नाहीं; आणि जेथें डोकावणें संपलें, तेथें राखणेंहि हळूहळू संपलें. पुष्कळशा विहिरी उकिरडे झाल्या. बीडची निजामशाहींतील खजाना विहीर लोक अभिमानानें पाहुण्यांस दाखवितात. पण गांवोगांवच्या निनांवी आडांची आठवणहि कोणास उरली नाहीं.

विहिरींतून कासव गेलें आणि दिवाणखान्यांत आलें. ही दुसरी रीत मूळची आमची नव्हे. तिचा वंश पाहावयाचा तर इंग्लंडांत जावें लागेल. ज्यांनीं महाविद्यालयांत इंग्रजी गद्य अभ्यासिलें आहे, त्यांस सेल्बर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट आणि त्याचें 'टिमथी' नांवाचें कासव ठाऊक असेल. हें कासव त्याच्या आत्याच्या बागेंत सुमारें चाळीस वर्षें होतें. १७८० सालीं ती वारल्यावर व्हाइटानें तें जमिनींतून उकरून, घोडागाडींत घालून आपल्या घरीं नेलें. त्याचें वजन केलें, तें केव्हां झोंपतें नि केव्हां जागें होतें, काय खातें, पाऊस येण्यापूर्वीं कसें वागतें, याच्या नोंदी ठेविल्या. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकामुळें तें कासव अमर झालें. व्हाइट १७९३ सालीं वारला आणि टिमथी त्याच्या पुढच्या वर्षीं. त्याचें कवच लंडनच्या पदार्थसंग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे. आणि तें तपासतां असें आढळून आलें कीं टिमथी हा नर नसून मादी होती! पन्नासांहून अधिक वर्षें दोन प्रेमळ आणि चौकस धन्यांनीं जिला सांभाळिलें, ती कोण आहे हें त्यांस कळलें नाहीं. कारण आपल्या जातीचें दुसरें कासव तिच्या दृष्टीस कधीं पडलेंच नाहीं. भूमध्यसमुद्राकडील तो प्राणी खलाशांच्या हातून इंग्लंडांत आला होता. व्हाइटासारखा निरीक्षक लाखांत एक; त्याची जर ही स्थिति, तर इतरांची काय कथा?

आमच्याच देशांत असें एक उदाहरण घडलें. कलकत्त्याच्या अलीपूर येथील प्राणिसंग्रहालयांत आल्डाब्रा बेटावरचें एक प्रचंड कासव होतें. तें एके काळीं क्लाइव्हच्या बागेंत होतें अशी आख्यायिका आहे. तें मार्च २००६ मध्यें मेलें. त्याचें नांव 'अद्वैत' असें ठेविलेलें होतें. ज्याला दुसरा नाहीं तो अद्वैत. वेदान्तांत ही परमावधीची स्थिति असेल, परंतु प्राण्याच्या जन्मांत ती शिक्षाच होय.

एकट्यादुकट्या धन्याची हौस पुढें व्यापार झाली. विसाव्या शतकांत भूमध्यसमुद्राकांठचीं कासवें जहाजें भरभरून इंग्लंडांत विकलीं गेलीं, आणि त्यांतलीं फार मोठ्या संख्येनें पहिल्या कांहीं हिवाळ्यांतच मेलीं. अखेर १९८४ सालीं युरोपीय समुदायानें तो व्यापार बंद केला. अमेरिकेंत कानामागें तांबडा पट्टा असलेल्या कासवाचीं इवलालीं हिरवीं पिलें मुलांच्या खेळण्यासाठीं विकत. त्यांच्या स्पर्शानें मुलांस आजार होतात असें दिसून आल्यावर १९७५ सालीं चार इंचांहून लहान पिलें विकण्यास तेथें बंदी झाली. मग तीं पिलें परदेशांत जाऊं लागलीं. आणि आज पुण्यामुंबईच्या दुकानांत कांचेच्या भांड्यांत जीं पोहतांना दिसतात, तीं याच जातीचीं. रुपयाएवढें दिसणारें हें पिलूं वाढून थाळीएवढें होतें, घाण करतें, चावतें, आणि तीस वर्षें जगूं शकतें. घरांतल्या माणसांस कंटाळा आला कीं रात्रींच्या वेळीं त्याला तळ्यांत सोडून देतात, आणि तें तेथल्या देशी कासवांच्या अन्नावर व उन्हाच्या जागेवर हक्क सांगूं लागतें. ईशान्य भारतांतील जलाशयांत तें पोंचल्याचें २०२० च्या सुमारास उघडकीस आलें आहे.

बाजारांतली दुसरी निवड 'स्टार' कासवाची. हें खरें जमिनीवरचें कासव. गुजराथ-राजस्थानच्या आणि आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या कोरड्या झुडुपी रानांत व सिंहलद्वीपांत राहणारें, गवत-पाला खाणारें. काळ्या पाठीवर पिंवळ्या चांदण्या असल्यामुळें त्याचा मोह पडतो, आणि लबाडीनें तें हजारोंनीं पकडून विकलें जातें. येथें आमच्या एकाच शब्दानें घात होतो. कासव म्हटलें कीं पाणी, अशी आमची ठाम समजूत असल्यामुळें या कोरड्या रानच्या जीवाला लोक पाण्याच्या पेटींत ठेवितात, आणि पोहतां येत नसल्यामुळें तें बुडून मरतें. कोणी त्यास भात-पोळी घालतात, उन्हाचा स्पर्श होऊं देत नाहींत. मग त्याचें कवच मऊ पडतें किंवा वेडेंवांकडें वाढतें. तिसरी निवड तर सर्वांत लज्जास्पद आहे. वीस नखांचें कासव मिळालें तर मांत्रिक पैशांचा पाऊस पाडतो, अशा भोंदूगिरीपायीं आमच्याच महाराष्ट्रांत कासवें पकडलीं जातात. मऊ पाठीच्या कासवास प्रत्येक पायास तीन याप्रमाणें बाराच नखें असतात. 'स्टार' कासवास पुढें पांच-पांच आणि मागें चार-चार मिळून अठरा. विसांची बेरीज जुळेना म्हणून कित्येक निरपराध जीव हातांतून हातांत फिरत मरतात. अशा प्रकारांस आळा घालण्यास २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथापि जेथें शाळेंतलें प्राणिशास्त्र पोंचलें नाहीं, तेथें कायदा एकटा काय करणार?

कायद्याची स्थिति सुशिक्षितांसहि नीट माहीत नसते, म्हणून ती स्पष्ट सांगतों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं सुधारणा झाली, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. नदीचीं मऊ पाठीचीं दोन्ही कासवें आणि 'स्टार' कासव हीं पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं पकडणें, विकणें, विकत घेणें किंवा हौसेनें घरीं ठेवणें हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि पंचवीस हजारांहून कमी नाहीं इतका दंड सांगितलेला आहे. लीथचें कासव नष्ट होण्याच्या अगदीं कडेस आल्याचें जागतिक तज्ज्ञांनीं ठरविलें असून, २०२२ सालीं पनामा येथील परिषदेंत भारताच्याच सूचनेवरून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यांत आला.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. मुलांस प्राण्यांविषयीं प्रेम वाटावयाचें तर त्यांच्या सहवासावांचून कसें वाटेल? कुत्रें शहरांत बांधून ठेवणें कठीण. कासव बिचारें मुकें आणि शांत. आमचें उत्तर असें कीं, जो प्राणी तक्रार करीत नाहीं, त्याला पाळण्यास अधिक अधिकार लागतो, कमी नव्हे. कुत्रें उपाशी असलें तर ओरडतें. कासव महिनेच्या महिने खंगत जातें आणि धनी म्हणतो, 'फार शहाणें आहे, मुळींच त्रास देत नाहीं.' शिवाय कुत्र्याचें आयुष्य धन्याच्या आयुष्यांत मावतें. कासवाचें पुष्कळदां त्याबाहेर जातें. ज्यांच्या घरीं परदेशी कासव आधींच आलेलें आहे, त्यांनीं तें नदींत किंवा तळ्यांत सोडण्याचें पुण्य जोडूं नये. त्यास ऐसपैस पाणी, चढून बसण्यास कोरडी जागा, रोज उन्हाची तिरीप आणि निवड करण्यास विविध अन्न द्यावें, आणि त्याच्या अखेरीपर्यंत तें सांभाळावें. हात लावल्यावर मुलांचे हात साबणानें धुवावे. देशी कासव कोठें अडकलेलें आढळलें तर वनखात्यास कळवावें. नव्यानें मात्र कोणतेंहि आणूं नये.

मग कासव पाळूंच नये काय? आमच्या मतें अवश्य पाळावें. परंतु त्याची रीत महाभारताच्या वनपर्वांतील एका कथेवरून घ्यावी. इंद्रद्युम्न राजाचें पुण्य सरलें, भूतलावर त्याची कीर्ति कोणास आठवेनाशी झाली, आणि तो स्वर्गांतून खालीं आला. आपल्यास ओळखणारा कोणी आहे काय, म्हणून तो शोध करूं लागला. मार्कंडेय ऋषींनीं ओळखलें नाहीं. त्यांच्याहून जुन्या घुबडानें ओळखलें नाहीं. त्याहून जुन्या बगळ्यानेंहि नाहीं. शेवटीं सरोवरांतलें अकूपार नांवाचें कासव कांठावर आलें, आणि राजास पाहून त्याच्या डोळ्यांस पाणी आलें. यज्ञांत राजानें ज्या गाई दान दिल्या, त्यांच्या खुरांनीं तुडवून तुडवून जें सरोवर झालें, त्यांतच तें कासव राहत होतें. त्या एका साक्षीवर स्वर्गाचें दार पुन्हां उघडलें. या कथेंतला राजा हा आमच्या वाङ्मयांतला कासवाचा सर्वांत मोठा पालनकर्ता होय. आणि त्यानें एकहि कासव निवडलें नव्हतें, धरलें नव्हतें, कीं पेटींत ठेविलें नव्हतें. त्याच्या हातून पाणी झालें. कासव आपोआप आलें. पंचतंत्रांतला कंबुग्रीव याच्या उलट बाजूचा साक्षीदार आहे. त्याचें तळें दुष्काळानें आटलें, म्हणून हंसांच्या काठीस तोंडानें लटकून उडण्याची पाळी त्याच्यावर आली. मुलांस आम्ही त्याच्या बडबडीचें तात्पर्य शिकवितों. तळें आटल्याचें तात्पर्य शिकवीत नाहीं. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत तें आधीं शिकविलें पाहिजे.

गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्यावर वरच्या अंगास पैठण येथें जायकवाडीचें धरण झालें. १९६५ सालीं त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ सालीं तें राष्ट्रास अर्पण झालें. त्याच्या उजव्या कालव्यानें या तालुक्यास पाणी दिलें, ऊंस दिला, कापसास जोर दिला. परंतु धरणाखालची नदी पावसाळ्यानंतर पुष्कळदां डोहांपुरती उरते, आणि उघडी पडलेली वाळू रात्रंदिवस गाड्यांत भरून जाते. त्या वाळूस बाजारभाव आहे; तिच्यांत पुरलेल्या अंड्यांस नाहीं. घरें बांधण्यास वाळू लागते, हें आम्हांस मान्य आहे. तथापि कासवाचें बाळंतघर कोणत्या कांठास आहे हें शोधून, अंडीं घालण्याच्या महिन्यांत तेवढा कांठ आणि तेवढा डोह मोकळा सोडणें हें फार मोठें मागणें नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवच्या लोकांनीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेबरोबर २००२ सालापासून समुद्रकासवांच्या बाबतींत असेंच काम केलें आहे, आणि त्या पिलांस समुद्रांत जातांना पाहण्यास आतां दूरदूरचे लोक जातात. कोंकणच्या खेड्यास जें साधलें, तें राक्षसभुवनाच्या व पांचाळेश्वराच्या कांठांस साधूं नये असें नाहीं. तेथें नदीस तीर्थ म्हणून येणारे लोक आहेत, शाळा आहेत, आणि कोणत्या डोहांत काय आहे हें हातच्या रेषेप्रमाणें जाणणारे कोळी आहेत. प्रत्येक शाळेनें आपल्या जवळच्या डोहावर वर्षांतून चार वेळां मुलांस नेऊन तेथें दिसलेल्या कासवांची नोंदवही ठेवावी. गिल्बर्ट व्हाइटाचें जें खरोखर अनुकरणीय आहे तें त्याचें टिपण होय, त्याची कुंपणाची बाग नव्हे.

मराठींत जनावर पाळतात, त्याचप्रमाणें व्रत पाळतात, नियम पाळतात आणि दिलेला शब्दहि पाळतात. एकाच क्रियापदांत इतके अर्थ सामावले, त्या अर्थी पाळणें म्हणजे ताब्यांत ठेवणें नव्हे, हें आमच्या भाषेस पूर्वींपासून ठाऊक असलें पाहिजे. राक्षसभुवनाच्या लढाईंत ज्या नदीनें मराठ्यांचा पक्ष घेतला, तिच्या डोहांतला हा जुना रहिवासी आतां मोजकाच उरला आहे. तो उरेल किंवा जाईल, हें आमच्या घरांतल्या कांचेच्या पेटीवर अवलंबून नसून, तो कांठ येत्या उन्हाळ्यांत आम्ही कसा ठेवितों यावर आहे.